दोन झाडं मागं

मशीनचा आवाज आला तेव्हा देवरावाची कुऱ्हाड डोक्यावर होती. ती खाली आली, पण यायची तिथं आली नाही. बाभळीच्या ओंडक्यावर चार बोटं बाजूला बसली, साल उडवून निसटली आणि मातीत रुतली.

"पाय तोडून घेतं का बे?" धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, मालक महादेवराव म्हणाले. "ध्यान कुठं आहे तुहं, देवा?"

ध्यान बागेत होतं. बागेत नागसेन होता.

महादेवरावांची संत्र्याची बाग गावाला लागून. त्यांच्या वडिलांनी लावलेली. मागचे दोन पावसाळे मुळांशी पाणी साचून राहिलं, बुंध्यांतून डिंक गळायला लागला आणि झाडं उभ्या उभ्या वाळली. ज्या बागेच्या संत्र्याला काटोलच्या बाजारात व्यापारी पुढं होऊन हात घालायचे, तिथं आता नुसतं जळण उभं होतं. वीटभट्टीवाल्यानं लाकूड मागितलं होतं. पावसाआधी बाग मोकळी करायची, बुडखे मागाहून जेसीबीनं उपटायचे, असं ठरलं.

आजवर असं काम म्हटलं की देवराव. गावात कुणाचंही झाड पाडायचं असलं की खालच्या मोहल्ल्यात निरोप यायचा, देवाले पाठवा. या वेळी निरोप आला नागसेनला. नागसेन त्याचा पाठचा भाऊ. कोराडीकडं विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटणाऱ्या एका ठेकेदाराकडं कामाला होता. ठेका संपला, तसा बायकोला, प्रीतीला, घेऊन गावी परतला. येताना पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन आला. जुनी, पण स्वतःची. गावानं तिला नाव दिलं मशीन. गावात विहिरीवरची मोटर होती, ट्रॅक्टर होते, पिठाची गिरणी होती. पण आता नुसतं मशीन म्हटलं की नागसेनची.

आणि देवरावाला काम काय? नागसेन पाडेल त्या झाडाच्या फांद्या ओढायच्या, डहाळ्या तोडायच्या, ढीग लावायचा. धाकट्याच्या मागं काड्या वेचायच्या.

पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी अमोल, महादेवरावांचा मुलगा, घरातून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. "बसा, नागसेनभाऊ." सुभद्राबाईंनी ट्रेमधून कप आणले. नवऱ्याला एक, मुलाला एक, नागसेनला एक. फुलाफुलांचे, घरातले.

देवराव नेहमीप्रमाणे गोठ्याकडं गेला. गोठ्याच्या कोनाड्यात त्याचा स्टीलचा ग्लास असायचा. त्यानं तो हौदावर धुतला, पुढं धरला, सुभद्राबाईंनी वरून चहा ओतला. पिऊन झाल्यावर धुतला, परत कोनाड्यात उपडा घातला. हे तो कितीतरी वर्षं करत आला होता आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. वाटत नसे असं तो समजत होता. आज कपातून चहा पिणारा भाऊ समोर बसला तेव्हा कळलं, वाटत होतं.

राग कुणाचा यायला पाहिजे होता? कोनाड्याचा. तिथं तो ग्लास ठेवणाऱ्या हाताचा. आला भावाचा. आपल्या माणसांचा राग असाच आहे. तो जवळचं अंग शोधतो, कारण लांब पोचायची त्याला कुणी सवयच लागू दिली नाही.

चहा झाल्यावर नागसेन उठला आणि तयार व्हायला लागला. देवराव ढिगाआड उभा राहून बघत होता. बघायचं नव्हतं, तरी डोळे हटत नव्हते.

नागसेननं आधी डोक्यावर हेल्मेट घातलं, त्याला पुढं जाळी, कानावर वाट्या. हातात जाड मोजे. पायात लोखंडी टोकाचे बूट. मग कमरेला ते बांधलं. नारिंगी रंगाचं जाड कापड, कमरेपासून घोट्यापर्यंत, मागून बकलं. मग मशीन जमिनीवर ठेवली. बोटानं चेन पातीवरून जराशी ओढली, सोडली. ती चट्‌कन परत बसली. पुढचा दांडा पुढं ढकलला, खट आवाज झाला. तो ब्रेक. चोक ओढला. उजव्या बुटाचं टोक मागच्या मुठीत घातलं, डावा हात ताठ करून पुढची मूठ दाबून धरली, उजव्या हातानं रस्सी आधी हळू ओढली, कुठं अडते ते पाहिलं, आणि मग झटका. एक, दोन. मशीन फट्‌ करून खोकली. चोक अर्धा आत. पुन्हा झटका. आणि सगळी बाग थरथरली.

कोराडीला असताना तिथली काही पोरं मशीन हवेत धरून, खाली फेकत रस्सी ओढायची. नागसेन तसलं करत नसे. जमिनीवर ठेवल्याशिवाय कधी सुरू करत नसे. त्यानं वर पाहिलं. देवराव ढिगाला वळसा घालून पुढं आला होता. नकळत. बघायला.

"दादा!" नागसेन ओरडला. कानावर वाट्या असल्यानं आवाज जास्तच मोठा निघाला. "मागं सर! दोन झाडं मागं!"

महादेवराव बघत होते. अमोल बघत होता. भट्टीवर लाकूड नेणारे दोन गडी बघत होते.

"आयकू येऊन राहिलं का? दूर हो! दूर!"

देवराव मागं सरला. मागं, आणखी मागं. दूर हो हा शब्द त्याच्या बापानं ऐकला होता, आज्यानं ऐकला होता, त्यानं स्वतः मारोतीच्या पारापाशी ऐकला होता. आता तो पाठच्या भावानं ऐकवला. झाड पडताना माणूस झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब असावा, हे देवरावाला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं नागसेनला शिकवलं होतं ते. पण तो ते हळू सांगायचा, आणि एकट्यात.

दुपारी नागसेन म्हणाला, "दादा, ये नं, तुले शिकवतो. तुह्या हाताले लवकर जमन. झाड तुले माह्यापेक्षा जास्त समजते."

"मले कायले शिकवतं? माह्या कुऱ्हाडीले पेट्रोल लागत नाई."

"पन वखत लागते नं, दादा."

"वखत माहा आहे."

नागसेन हसला. त्याच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. तेच देवरावाला जास्त लागलं.

घर एकच, चुली दोन. मधे कुडाची भिंत. संध्याकाळी अंगणात नागसेन मशीनची पाती मांडीजवळ अडकवून बसायचा आणि गोल कानशीनं चेनचे दात घासायचा. एकाच दिशेनं, प्रत्येक दाताला सारखे हात. एका बाजूचे सगळे, मग फिरवून दुसऱ्या बाजूचे. पलीकडं देवराव कुऱ्हाडीला दगड लावायचा. दोघांचे आवाज वेगळे. घर्र घर्र आणि खर्र खर्र.

"अवो, तुमी पायलं का," प्रेमिला भाकरी थापता थापता म्हणाली. देवरावाची बायको. मनात आलं की बोलून मोकळी होणारी. "भाऊजीनं दुपारपावतर अख्खी रांग झोपवली म्हन्ते. तुमाले चार दिवस लागले असते."

"भाकर जळून राहिली तुही."

"जळू द्या. भाकरीनं तरी उघड जळावं."

देवरावानं दगड थांबवला. पण ती पाठमोरी होती.

पानठेला चिंधूचा. संध्याकाळी तिथं चिंधू प्लास्टिकच्या पन्नीवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसायचा आणि गाव त्याच्याभोवती जमायचं. विषय मशीनचाच निघाला. एका दिवसात किती, कसा बुंधा कापला, कसं लोण्यासारखं. कुणीतरी म्हणालं, "देवराव, तुह्या भावानं त नावच काढलं गा."

देवरावानं खर्रा तोंडात टाकला. गालात सारला. आणि म्हणाला,

"काय सांगू बाप्पा. आमच्या घरी दोन सुना होत्या. आता तिसरी आली. नारिंगी घागरा नेसते, मागून बकलं लावते, अन् झाडं तोडाले जाते."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग चिंधूचा हात पन्नीवर थांबला आणि तो असा हसला की सुपारी सांडली. बाकीचे हसले. देवराव हसला नाही. त्याला फार बरं वाटत होतं. छातीतला एक काटा दुसऱ्याच्या पायात गेला होता.

दुसऱ्या सकाळी नागसेन मशीन घेऊन ठेल्यावरून गेला तेव्हा मागून आवाज आला, "भाभी निघाली का वं कामाले?"

नागसेन वळला. हसला. "पाय तुटला त दुकानात भेटते का गा? याच्यात आतून धागे भरले राह्यतेत. चेन लागली का थे धागे चेनीत गुततेत, मशीन तिथंच थांबते. पाय वाचते."

"हाव हाव. अब्रू बी वाचते."

तो पहिल्या दिवशी समजावत होता. दुसऱ्या दिवशी नुसता हसला. तिसऱ्या दिवशी हसला नाही. नळावर बायकांनी प्रीतीला विचारलं, घागरा तुमीच धुता का त्याईचा, का थेच धुतेत? प्रीतीनं हंडा अर्धाच भरून उचलला आणि घरी आली. आणि एका सकाळी बागेत खुद्द महादेवराव, बाग बापाची म्हणून उदास असणारे महादेवराव, पोट हलवत म्हणाले, "नागसेनभाऊ, आज पदर नाही घेतला का डोक्यावर?" अमोलला हसू आवरलं नाही. कपात चहा देणारी माणसं हसली, तेव्हा नागसेनचा चेहरा जाळीआड गेला.

देवराव दोन झाडं मागं उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. त्यानं ठेवलेलं नाव त्याच्याआधी मालकाच्या तोंडापर्यंत पोचलं होतं.

ऊन असं होतं की पत्र्यावर पापड भाजला असता. त्या जाड कापडाखाली नागसेनच्या मांड्या उकडून निघायच्या. संध्याकाळी तो ते सोडायचा तेव्हा विजार पिळून काढण्याइतकी ओली असायची. म्हणजे टाळायला कारण होतंच. पण कारण ऊन नव्हतं. ऊन कोराडीलाही होतं, तिथं वरून वीजकेंद्राची राख पडायची, आणि तिथं तो ते रोज घालायचा. तिथं त्याला भाऊ नव्हता.

सकाळी देवराव अंगणात दात घासत होता. नागसेन निघाला. हेल्मेट, मोजे, बूट. खांद्यावर मशीन, पातीवर खोळ. खाली नुसती विजार.

भिंतीच्या खुंटीवर नारिंगी कापड लटकत होतं.

देवरावानं ते पाहिलं. नागसेननंही, तो पाहतोय हे पाहिलं. दोघं एक श्वास थांबले. देवरावानं एक वाक्य म्हणायचं होतं. नेस गा, लोकं बोलतेत बोलू दे. एवढंच. जीभ हलवायची होती. त्यानं चूळ भरली आणि थुंकला.

नागसेन गेला.

प्रेमिला आतून आली. खुंटीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. "अवो, सांगा नं त्याईले. तुमचं आयकतेत थे."

"थो आता काय लहान आहे?"

"तुमी त लहान नाई नं?"

त्यानं कुऱ्हाड उचलली आणि मागोमाग निघाला. चालताना त्याला वाटत होतं, आता बरोबर झालं. आता दोघंही विजारीवर. आता सारखे.

दुपारच्या भाकरीच्या आधी झालं. झाड पडून झालं होतं. नागसेन आडव्या झाडाच्या फांद्या उतरवत होता. मनगटाएवढी एक फांदी, आतून पोकळ झालेली, वरून ओळखू येत नव्हती. त्यानं वरून पाती लावली, भार दिला, आणि फांदी अर्ध्यातच भस्सकन तुटली. लाकूड संपलं, हाताचा भार संपला नव्हता. मशीन खाली आली. डावा पाय पुढं होता.

देवरावाला आवाज बदललेला कळला. आधी तेवढंच कळलं. मशीन ओली बोलली.

दोन झाडांचं अंतर त्यानं कसं कापलं ते त्याला आठवत नाही. नागसेन बसला होता, पाय सरळ, मांडीवरची विजार उघडी पडली होती आणि आतला माणूस दिसत होता. मशीन बाजूला पडून भकभक करत होती. देवरावानं डोक्याचा दुपट्टा सोडला, जखमेवर गच्च दाबला, दुसऱ्या फडक्यानं मांडी आवळली, गुडघा टेकवून दाबून धरलं. रक्त बोटांमधून वर येत होतं, गरम.

"अमोल! गाडी आन! गाडी!"

गाडी आली. सुभद्राबाई धावत आल्या, मागच्या सीटवर पोतं अंथरलं, मग म्हणाल्या, "ठेवा आता." पोतं अंथरायला गेलेला वेळ थोडाच होता. देवरावानं तो मोजला नाही, पण विसरलाही नाही.

गाडीत नागसेनचं डोकं त्याच्या मांडीवर. ओठ पांढरे. तो काहीतरी पुटपुटत होता. देवरावानं कान खाली नेला. तो आता घागऱ्याचं बोलणार, असं त्याला वाटलं. आता म्हणणार, तुह्यामुळं.

"दादा... मशीन बंद केली का?"

"केली."

"कशी केली? तुले कुठं येते?"

देवराव थांबला. खरंच, केली होती. रक्त दाबायच्या आधी त्याच्या अंगठ्यानं मुठीजवळचं बटण खाली पाडलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. इतके दिवस ढिगाआडून जळत जळत बघितलं होतं, त्यातून आपोआप शिरलं होतं.

"आली," तो म्हणाला. "बोलू नको."

काटोलला टाके घातले, मग नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. हाड वाचलं होतं. मांस कापलं गेलं होतं. पाय राहील, डॉक्टर म्हणाले, पण पावसाळा खाटेवर काढावा लागेल.

नागसेन घरी आला आणि अंगणात लिंबाखाली खाट पडली. गाव बघून गेलं. ठेल्यावर चिंधू म्हणाला, "मशीन मशीन करत होते. देवराव, तुह्या कुऱ्हाडीनं कधी कोनाचा पाय नेला का गा? जुनं थे जुनंच." चार माणसांनी माना हलवल्या. देवरावाला हवं होतं ते सगळं पुढ्यात आलं होतं. त्यानं खर्रा घेतला नाही.

महादेवरावांनी त्याला बोलावलं. "पावसाच्या आत बाग मोकळी पाहिजे, देवा. तुह्या कुऱ्हाडीनं होत नाही. काटोलहून दुसरा मशीनवाला येतो म्हणते. परवापासून."

"मंग नागसेनचं काम?"

"आता त्याचं काय काम? पाय बरा होऊ दे."

दुसऱ्याच्या मशीनचा आवाज या गावात एकदा घुमला की पुढच्या सगळ्या बागा त्याच्या, हे देवरावाला समजत होतं. वाळलेल्या बागा आजूबाजूला पुष्कळ होत्या. नागसेन पायावर उभा राहील तेव्हा त्याच्यासाठी एक झाड उरणार नव्हतं. आणि देवरावाला? त्याला त्या काटोलवाल्याच्या मागंही काड्याच वेचायच्या होत्या.

घरी येऊन त्यानं प्रीतीला विचारलं. अंगणात, नागसेनला ऐकू जाईल असंच. "सूनबाई, मशीन मी नेली त चालन का?"

प्रीती चुलीशी होती. ती कधी भासऱ्याच्या, मोठ्या दिराच्या, समोर मान वर करून बोलली नव्हती. आता उठली. खुंटीवरून ते नारिंगी कापड ओढून काढलं आणि त्याच्या अंगावर फेकलं. बकल त्याच्या गालाला लागलं.

"न्या. पन हे नेसून न्या."

"प्रीती," खाटेवरून नागसेन म्हणाला.

"काहून? तुमाले मालूम नाई का नाव कोनं ठेवलं? अख्ख्या गावाले मालूम आहे. नळावर बायका मले सांगतेत, तुह्या भासऱ्यानंच ठेवलं वं." तिचा आवाज फाटला. "तिसरी सून म्हने. घ्या नं. व्हा आता सून."

प्रेमिला दारात उभी होती. ती नवऱ्याच्या बाजूनं एक शब्द बोलली नाही.

देवरावानं नागसेनकडं पाहिलं. नागसेन लिंबाच्या फांद्यांकडं बघत होता. म्हणजे त्याला ठाऊक होतं. गाडीत, डोकं मांडीवर असतानाही ठाऊक होतं.

सकाळी देवरावानं ते अंगणातच बांधलं. घरात नाही, आड नाही. बकलं मागं होती, हात पोचेना. प्रेमिला पुढं आली, न बोलता एकेक अडकवलं. त्यानं हेल्मेट घातलं. मोजे त्याच्या हाताला तोकडे होते, बूट सैल. त्यानं आत चिंध्या कोंबल्या. मशीन खांद्यावर घेतली आणि बांधाबांधानं जायची वाट सोडून ठेल्यावरून निघाला.

ठेल्यावर सगळ्यांच्या माना वळल्या. मग कुणाला तरी राहवलं नाही. "चौथी निघाली वाट्टे."

हसू फुटलं. देवराव थांबला. जाळी वर केली.

"हाव. मीच थे. नाव बी मीच ठेवलं होतं." त्यानं चिंधूकडं पाहिलं. "आता मले मारा हाका. जोरानं मारा. वाट्या आहेत कानाले, आयकू येत नाई."

कुणी मारली नाही. चिंधूनं पन्नीवर मान खाली घातली.

बागेत महादेवराव आणि अमोल आधीच होते. महादेवराव त्याला वरपासून खालपर्यंत बघत राहिले. "देवा, तुले येते का हे? दुसरी भानगड नको रे बाबा माह्या वावरात."

देवरावानं मशीन मोकळ्या जागी, सपाट मातीवर ठेवली. पेट्रोल भरलं होतं तिथून लांब आणली होती. मोज्याच्या बोटानं चेन ओढून सोडली. चट्‌. दांडा पुढं ढकलला. खट. चोक. बुटाचं टोक मुठीत. डावा हात ताठ. रस्सी अडते तिथपर्यंत हळू. मग झटका. काही नाही. झटका. फट्‌. चोक अर्धा आत घालायला त्याचा हात स्वतःहून गेला. झटका.

मशीन उठली. तिचा थरार मनगटातून खांद्यात, खांद्यातून दातांत गेला. कुऱ्हाड मारली की थांबते, माणसाला श्वास घेऊ देते. ही थांबत नव्हती. तो घाबरला. खरंच घाबरला, आणि त्याला कळलं की नागसेनही रोज घाबरत असणार. म्हणून तर एवढं सगळं अंगावर चढवत होता.

त्यानं मान वर केली. महादेवराव पुढं आले होते. नकळत. बघायला.

"मालक," देवराव ओरडला. "मागं सरा!"

महादेवराव जागचे हलले नाहीत. त्यांना कळलंच नाही की हे आपल्याला आहे.

"दूर व्हा! दोन झाडं मागं!"

अमोलनं बापाचा दंड धरला आणि मागं ओढला. महादेवराव सरकले. एक झाड. देवराव मशीन जमिनीवर दाबून तसाच थांबला, बघत राहिला. दुसरं झाड. तेव्हा त्यानं ब्रेक मागं घेतला.

झाड त्याला माहीत होतं. कुठं वजन आहे, कुठं पोकळ आहे, कुठं झुकेल. पडायच्या बाजूनं खाच घ्यायची, मागून कापत यायचं, मधे बोटभर लाकूड बिजागरीसारखं सोडायचं. हे कुऱ्हाडीचंच होतं. फांद्या उतरवताना तो प्रत्येक फांदीवर आधी मुठीनं ठोकून आवाज ऐकत होता, पोकळ का भरीव. पाय पातीच्या रेषेतून बाजूला ठेवत होता. अमोल म्हणाला, एवढं हळू? त्यानं ऐकलं नाही.

चहाच्या वेळी सुभद्राबाईंनी ट्रे आणला. त्यात त्याच्यासाठी कप होता. देवरावाचा हात सवयीनं गोठ्याच्या दिशेनं उठला होता, तो मधेच थांबला. कप हलका होता. चहा तोच होता. त्यानं पिऊन तो ट्रेमध्ये ठेवला, धुतला नाही. काटोलवाल्याला येऊ नको म्हणून सांगतो, महादेवराव म्हणाले. देवराव बरं म्हणाला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मशीनचा थरार अजून हातांत होता. पेला धरवत नव्हता. अंगात सुख होतं, हे त्याला लपवता येईना. अंगणात नागसेन खाटेवर उशीला टेकून बसला होता. पाय उशीवर, पट्टी पांढरी. तो भावाकडं बघत होता. चेहऱ्याकडं नाही. मशीनकडं, मोज्यांकडं, घामानं भिजलेल्या त्या नारिंगी कापडाकडं.

ती नजर देवरावाच्या ओळखीची होती. ढिगाआडून इतके दिवस त्याच्याच डोळ्यांत होती ती.

"किती झाली?" नागसेननं विचारलं.

"काय होतेत मले. दोन-तीन. अन् एक त वाकडंच पडलं."

"खोटं नको बोलू, दादा." नागसेनचा आवाज सपाट होता. "दिवसभर आयकून राहिलो मी. एक बी वाकडं नाई पडलं. अख्खी रांग झाली तुही."

देवरावानं हेल्मेट उतरवलं. प्रीतीनं कोपऱ्यात पाण्याची बादली ठेवली आणि आत गेली.

"शेवटल्या झाडाले चेन बोथट झाली होती," नागसेन म्हणाला. "आवाजावरून समजलं. आन इकडे."

देवरावानं मशीन थंड झाली का ते हात लावून पाहिलं, आणि खाटेवर, नागसेनच्या चांगल्या पायाच्या बाजूला ठेवली. कानस दिली. नागसेन दात घासायला लागला. एका दिशेनं, सारखे हात. मग हात सारखे राहिले नाहीत. तो जोरात घासायला लागला, दात घासतोय की दुसरं काही, कळत नव्हतं. कपाळावर घाम आला. पाय दुखत असणार. देवराव उकिडवा बसून बघत राहिला. थांब म्हणाला नाही.

अंधारून आलं. चेन झाली. नागसेननं कानस खाली ठेवली.

देवरावानं हात पुढं केला. नागसेननं मशीन दिली नाही. पातीवर खोळ चढवली, उशीशी ओढून घेतली आणि तिच्यावर हात टाकून तसाच पडून राहिला. सकाळी ती मागावी लागणार होती. देवरावानं मोकळा हात हळूच मागं घेतला.